बीटांची मोजणी

आमच्या शेतापलीकडे, पॉप्लरच्या रांगेमागे
लष्कराची धावपट्टी होती.
विमानं पुढून आ वासलेली, पोटानं गरगरीत,
सगळा गाव त्यांना पिंपच म्हणायचा.
पिंपं सकाळी जायची, दुपारी यायची.
सुरुवातीला कोंबड्यांनी अंडी देणं बंद केलं,
मग त्यांनाही सवय झाली.

सत्तावन्न सालचा ऑक्टोबर.
स्कोनेमध्ये ऑक्टोबरात आभाळ इतकं खाली येतं
की माणूस उगाच वाकून चालतो.
मी अकरा वर्षांची. शाळेला बटाट्यांची सुट्टी,
पण आमच्याकडे बीट, म्हणून बीट उपटत होते.

एक पिंप घिरट्या घालत राहिलं.
एकदा, दोनदा, चारदा.
बाबांनी कोयता खाली ठेवला.
"तीन पायांपैकी दोनच काढलेत त्यानं," म्हणाले,
जणू गोठ्यात वासरू आडवं आलंय.

आवाजाचं मला काहीच आठवत नाही.
आठवतं ते एवढंच, की ते टेकलं आणि थांबेचना.
एका अंगावर कलंडून, कुंपणाच्या तारा फरफटत
आमच्या बीटांत नांगरासारखं शिरलं,
आणि ब्रुन्तेच्या, आमच्या घोड्याच्या, पुढ्यात
वीस पावलांवर येऊन निमूट बसलं.
ब्रुन्ते पळाला नाही.
नंतर आठवडाभर मात्र गाडीला जुंपून घेईना.

बाबा धावले. मला म्हणाले, थांब.
मी थांबले नाही.

एव्हर्ट हामरलिंड. पंचविशीचा असेल-नसेल.
एका पायात बूट, दुसऱ्यात नुसता मोजा.
आईच्या घासलेल्या फरशीवर चिखल उमटला
तसा माफी मागत सुटला.
कपाळातून रक्त गळतंय,
आणि हा चिखलाची माफी मागतोय.
"बस," आई म्हणाली. दूध दिलं.
पेला त्याच्या दातांवर वाजत होता.
मला म्हणाला, सातचा पाढा येतो का गं?
मी म्हटला.
बेचाळीसला त्यानं डोळे मिटले,
ते सत्तरपर्यंत उघडले नाहीत.
मग जीप आली.

तिसऱ्या दिवशी बगलेत फाईल घेऊन एक साहेब.
किती बीटं गेली? अंदाजे सांगा.
अंदाजे हा शब्द बाबांच्या घराण्यात नव्हता.
वाकून वाकून सरी मोजली:
तेराशे शहाऐंशी.
"चौदाशे लिहितो."
"तेराशे शहाऐंशी.
आणि दोनशे नुसती चिरलीत, ती कारखाना घेईल.
ती वजा करा."
कागदावर बीटांना रकाना होता, कुंपणाला होता,
घोड्यालासुद्धा अर्धी ओळ होती.
दुधाच्या पेल्याचं आईनं लिहू दिलं नाही.

नाताळात पार्सल आलं. दोन किलो साखर.
चिठ्ठी नाही, नुसतं नाव.
आई इतकी हसली की तिला खुर्ची धरावी लागली.
बाबांनी वजन करून पाहिलं. बरोबर भरलं.

पुढच्या नाताळात आलं नाही.
बाबा तीनदा फाटकापर्यंत जाऊन आले,
म्हणाले, बर्फात टपाल अडकलं असेल.
त्या वर्षी बर्फ पडलाच नव्हता.
तळ सायकलनं दहा मिनिटांवर.
आमच्यातलं कुणी विचारायला गेलं नाही.

आता शेत पुतण्या करतो.
धावपट्टीवर शनिवारी पोरं गाड्या पळवतात.
पण त्या एका पट्ट्यात माती अशी दबलीय
की बीट सरळ खाली उतरतच नाही,
मध्येच फाटतं, दोन पायांचं निघतं.
यंत्रात अडकतं, म्हणून पुतण्या बांधावर भिरकावतो.
मी एखादं उचलून घरी आणते.
फरशीवर माती पडते.
पडू दे.